झाकलेली शिकार नेमकी कुणापासून झाकलेली असते?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जुन्नरच्या ऊसपट्ट्यातून लिहिलंय. गोठ्यातलं पाच-सहा महिन्यांचं वासरू रात्री गेलं आणि सकाळी शंभरेक पावलांवर उसात सापडलं. मागची मांडी खाल्लेली, बाकी अंगावर पाचट (उसाचा वाळलेला पाला) ओढलेलं, एक पाय तेवढा बाहेर. कोठा (पोटाची पिशवी) आणि आतडी मात्र चार-पाच हात अलीकडे उघड्यावर पडलेली. तुम्ही विचारताय की बिबट्या हे मुद्दाम झाकतो का, तो परत येईल का, आणि वडील म्हणतात तसं ते उचलून ओढ्यात टाकून द्यावं का.

घाईत असाल तर तिन्हींची उत्तरं इथेच घ्या. मुद्दाम झाकतो. आज किंवा उद्या रात्री परत यायची शक्यता बरीच आहे. आणि पंचनामा होईपर्यंत वासराला हात लावू नका, त्या उसात पुन्हा शिरूही नका. पुढचं सावकाश वाचा. झाकलंय म्हणजे येणारच आणि झाकलेलं नाही म्हणजे येणार नाही, असं गावोगाव मानतात, आणि त्यातूनच माणसं नको त्या वेळी नको तिथे जाऊन उभी राहतात.

आधी एक साधा हिशेब करू. गावठी वासरू ६० किलोचं धरा. हाडं, कातडी, खूर आणि पोटातला चोथा वजा केला तर खाण्याजोगं ३५ ते ४० किलो उरतं. मोठा नर बिबट्या ५०-६० किलोचा, मादी त्याहून बरीच हलकी. पोटभर जेवला तरी एका रात्रीत तो ७-८ किलो, फार तर १० किलो खाईल. म्हणजे वासरू त्याला चार रात्री पुरतं, आणि पहिल्या रात्री तो फक्त चौथाई वसूल करतो. उरलेली तीन चतुर्थांश कमाई तो दिवसभर मागे सोडून जातो. त्याला ना कळप, ना राखणदार. झाकण्याचा सगळा खटाटोप या तीन चतुर्थांशासाठी असतो.

हाच हिशेब कुत्र्याला लावून बघा. १२-१५ किलोचं गावठी कुत्रं एका बैठकीत, फार तर दीड बैठकीत संपतं. झाकायला काही उरतच नाही. तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला होता. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. खाल्लेल्या मांसापैकी वजनाने सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. तुमच्या भागातला बिबट्या बहुतेक रात्री असं काही खातो की झाकायचा प्रश्नच येत नाही. म्हणूनच झाकलेली शिकार लोकांना क्वचित दिसते आणि दिसली की अचंबा वाटतो. शेळी मधली. २५ किलोची शेळी दीड-दोन रात्रींची असते, त्यामुळे कधी झाकलेली सापडते, कधी नाही.

एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. सगळी मोठी मांजरं झाकत नाहीत. सिंह कळपाने खातात आणि कळपानेच राखतात, त्यांना या उद्योगाची फारशी गरज पडत नाही. चित्ता झाकण्याच्या भानगडीत पडत नाही. सावलीत ओढतो, भराभरा खातो आणि निघून जातो, कारण तरस किंवा सिंह आला तर तो शिकार सोडूनच देतो. एकटं राहणारं, पण आपल्याएवढं किंवा आपल्याहून मोठं जनावर मारणारं मांजर असेल, तर ते झाकतं. आपल्याकडे वाघ आणि बिबट्या, युरोपात लिंक्स, अमेरिकेत प्यूमा. यात प्यूमा सगळ्यांत पक्का. तो पंजांनी पालापाचोळा, माती, काटक्या, हिवाळ्यात बर्फसुद्धा ओढून अख्ख्या हरणाचा ढिगारा करतो, आणि पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा झाकतो, कधी जागाही बदलतो.

आता मूळ मुद्दा. 'लपवणं' म्हटलं की आपल्या मनात एकच गोष्ट येते, दिसू न देणं. पण शिकारीवर डोळा ठेवणारे चोर एका जातीचे नसतात. काही डोळ्यांनी शोधतात, काही नाकाने, आणि काही इतके बारीक असतात की त्यांना चोर म्हणायचं आपल्याला सुचतही नाही. बिबट्याची प्रत्येक कृती यांपैकी एखाद्याचीच वाट अडवते. सगळ्यांना एकदम रोखेल असा उपाय त्याच्याकडे नाही. हे लक्षात ठेवलंत तर तुमच्या उसातलं दृश्य आपोआप उलगडेल.

डोळेवाले चोर म्हणजे कावळे, टकाचोर, घारी आणि गिधाडं. आपल्या भारतीय गिधाडांना वासाचा उपयोग जवळजवळ नाही. ती उंचावरून नजरेने शोधतात, आणि एक खाली उतरलं की त्याला बघून मैलभरावरची दुसरी उतरतात. त्यांच्यासाठी पाचटाचा एक थर पुरेसा असतो. मांसाचा लाल रंग आणि मोकळी पडलेली आकृती झाकली गेली की वरून ते शेत नेहमीसारखंच दिसतं. उलट अमेरिकेतल्या टर्की गिधाडाचं नाक तिखट असतं. झाडीखाली पानांनी झाकलेलं मांसही ते वासावर हुडकतं. म्हणजे प्यूमाचा ढिगारा तिथल्या गिधाडाला तितकासा फसवत नाही, आपल्या बिबट्याचं विस्कटलेलं पाचट मात्र आपल्या गिधाडाला पुरतं फसवतं.

अर्थात आता फसवायला गिधाडं उरलीत किती? जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे १९९० च्या दशकापासून देशातली पांढऱ्या पाठीची, लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची गिधाडं ९५ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली ते औषध गुरांसाठी बंद झालं, पण तोवर गावाबाहेरच्या ढोरफोडीच्या, म्हणजे मेली गुरं टाकायच्या, जागा गिधाडांवाचून रिकाम्या झाल्या होत्या आणि तिथे कुत्र्यांनी बस्तान बसवलं होतं. बिबट्याच्या बाजूने पाहिलं तर हा मोठा बदल आहे. पूर्वीचा मोठा चोर डोळ्याने शोधणारा होता, आताचा नाकाने शोधणारा आहे. आणि नाकापुढे पाचटाचं काही चालत नाही.

नाकवाले म्हणजे गावची कुत्री, कोल्हे, तरस, रानडुकरं, घोरपडी, मुंगसं. यांच्याविरुद्ध बिबट्या दोन गोष्टी करतो, आणि दोन्ही झाकण्याच्या आधीच्या आहेत. पहिली, जागा बदलणं. मारलेल्या जागी रक्त सांडलेलं असतं, झटापटीचा वास असतो, गोठ्यापाशी तर माणसांचा आणि कुत्र्यांचा वावरही असतो. म्हणून तो मान किंवा गळा तोंडात धरून, धड पुढच्या पायांच्या मधे घेऊन ओढत नेतो. उसात बहुधा सरीतून नेतो, कारण वरंबे ओलांडताना ओझं अडतं. ऊस नसेल तिथे घळ, ओढ्याचा काठ, करवंदीची किंवा टणटणीची जाळी गाठतो. तुमची शंभर पावलं हे नेहमीचंच अंतर. दाट आडोसा हाताशी असेल तर वीस पावलंही पुरतात, उघडं माळरान असेल तर कित्येक पटींनी लांब जातो.

पण ओढण्यातच त्याचा डाव उघडा पडतो. फरफटीची खूण ही वासाची सरळ रेघ असते. गोठ्यापासून भक्ष्यापर्यंत आखून दिलेली. कुत्र्याने ती पकडली की पाचट कितीही नीट ओढलेलं असो, सकाळपर्यंत भक्ष्य उघडं पडतं. कडक वाळलेल्या जमिनीवर आणि खडकावर वास कमी टिकतो. दमट हवेत, दवात, ओल्या गवतात तो खूप वेळ राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कोठा काढणं. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट म्हणजे आंबणाऱ्या चाऱ्याची पिशवी. जनावर मेलं तरी आत आंबणं चालूच राहतं, वायू धरतो, आणि पहिला जोरदार वास तिथूनच सुटतो. ते फुटलं तर आसपासचं मांसही खराब होतं. मांजरकुळाला त्या चोथ्याचा काही उपयोग नसतो. म्हणून वाघ काय, बिबट्या काय, कोठा आणि मोठी आतडी ओढून काढतो आणि थोडी दूर टाकतो किंवा धडच तिथून पुढे नेतो. काळीज, फुप्फुसं मात्र खातो. कधी त्या कोठ्यावरही माती खरवडलेली दिसते. तुमच्याकडे तो उघडा होता. काही जण म्हणतात, कावळे-कुत्री तिकडे गुंतावीत म्हणून बिबट्या मुद्दाम तो अलीकडे टाकतो. मला तसं वाटत नाही. कावळे तिकडे जमतात हे खरं, पण ते जमल्यामुळे चोरांचं लक्ष त्या जागेकडे उलट लवकर जातं. साधं कारण पुरेसं आहे: घाण बाजूला काढली, मांस पुढे नेलं.

आणि तिसरे बारीक चोर म्हणजे माश्या आणि कुजवणारे जिवाणू. मोठ्या हिरव्या-निळ्या माश्या काही तासांत डोळे, नाक, जखमेच्या कडा या ओल्या जागी अंडी घालतात आणि उन्हाळ्यात एखाद्या दिवसात अळ्या वळवळायला लागतात. पण ही माशी दिवसा काम करणारी आहे, रात्री ती सहसा अंडी घालत नाही. म्हणजे रात्री मारून उजाडायच्या आत सावलीत आणि पाचटाखाली गेलेल्या मांसाला निदान सुरुवातीचे तास मिळतात. पाचट सैल असतं, माशी शेवटी आत शिरतेच. पण ऊन थेट लागत नाही, मांस लवकर तापत नाही, वरून सुकून कडक होत नाही. मला विचाराल तर चोरांपासून लपवण्याइतकंच हे टिकवण्याचं काम मोलाचं आहे, आणि लोक ते हिशेबातच धरत नाहीत. एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा वाघ शिकार नाल्याच्या थंड घळीत, पाण्याजवळच्या गच्च सावलीत का नेतो, याचं उत्तर निम्मं इथे आहे आणि निम्मं त्याच्या स्वतःच्या तहानेत.

प्रत्यक्ष झाकणं कसं होतं तेही सांगतो, म्हणजे खुणा वाचता येतील. तो भक्ष्याजवळ उभा राहून पुढच्या पंजांनी आपल्या दिशेने ओढत येतो, आळीपाळीने, मग बाजू बदलतो. त्यामुळे भक्ष्याभोवती जमीन मोकळी झालेली दिसते आणि मातीत समांतर ओरखडे असतात, सगळ्यांचा रोख आत, भक्ष्याकडे. हाताला लागेल ते वापरतो: पाचट, सागाची पानं, गवत, माती. घरातली मांजर नको असलेल्या ताटलीभोवती फरशी खरवडते ना, तीच ही हालचाल. फरशीवरून काही हाती लागत नाही तरी ती खरवडत राहते, इतकं ते अंगात भिनलेलं आहे. म्हणूनच अर्धवट झाकलेलं फार दिसतं. एक पाय बाहेर, डोकं उघडं. उघडं राहिलेलं पाहून त्याला कुणी हुसकावलं असा निष्कर्ष काढू नका. पुष्कळदा एवढंच होतं.

बिबट्या म्हटला की झाडावर टांगलेलं हरीण लोकांना आठवतं, आणि 'आमच्याकडचा झाडावर का नेत नाही' असा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर शेजाऱ्यांमध्ये आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँड या खासगी अभयारण्यात १०४ बिबट्यांच्या दोन हजारांहून अधिक शिकारींची नोंद तपासली गेली, आणि पाच किलोवरच्या शिकारींपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त दुसऱ्या मांसभक्षकांनी पळवल्याचं दिसलं. त्यात ठिपकेदार तरस मुख्य. त्या तरसाला झाड चढता येत नाही, म्हणून झाड हा तिथला खरा उपाय. तिथेसुद्धा सगळ्या शिकारी वर जात नाहीत. फार लहान असेल तर खाऊन संपते, फार मोठी असेल तर उचलत नाही. बिबट्याच्या स्वतःच्या वजनाच्या आसपासची शिकारच बहुधा वर जाते. श्रीलंकेत वाघ नाही, तरस नाही, सिंह नाही, बिबट्याच जंगलाचा धनी, आणि तिथे शिकार झाडावर नेणं विरळाच. आपल्याकडे ताडोबा, मेळघाट किंवा सह्याद्रीच्या जंगलात जिथे वाघ किंवा रानकुत्रे आहेत तिथे बिबट्या झाड वापरतो. खोडावर खोल ओरखडे आणि बेचक्यात अडकलेले केस ही त्याची खूण. उसात चढण्याजोगं झाड असतं तरी कुठे? आणि ऊसच इतका दाट की वरून काही दिसत नाही.

वाघाची गोष्ट थोडी वेगळी. तो झाकतो, पण त्याचा मुख्य भर राखण्यावर असतो. सांबर किंवा बैल मारला की तो तीन-चार दिवस त्याच परिसरात मुक्काम ठोकतो, खातो, जवळच्या पाण्यावर जातो, परत येऊन काही पावलांवर झोपतो. गव्यासारखं जनावर त्याला फार लांब ओढताही येत नाही, तेव्हा झाकणं नावापुरतं आणि पहारा पूर्ण. म्हणून कावळे झाडावर बसून कलकलाट करतायत पण खाली उतरत नाहीत, असं दिसलं तर जंगलातले जाणते पाय मागे घेतात. खाली धनी बसलेला असतो. जुनी माणसं ज्याला भालू म्हणतात, ती कोल्ह्याची एकसुरी भेसूर ओरडही अशाच जागी ऐकू येते.

गावाकडच्या बिबट्याला ही चैन नाही. दिवसा उसाच्या कडेने माणसं, ट्रॅक्टर, कुत्री, मोटार चालू करायला येणारे. तो भक्ष्यापाशी बसून राहू शकत नाही. म्हणून दुसऱ्या उसात किंवा ओढ्याच्या झाडीत जाऊन पडतो आणि अंधार पडल्यावर येतो. जे काम वाघाचा पहारा करतो ते त्याच्यासाठी पाचटाला करावं लागतं. पण यावर विसंबून 'दिवसा तो तिथे नसतोच' असं मात्र धरू नका. ऊस उंच आणि दाट असेल, गडबड कमी असेल, तर तो वीस-तीस पावलांवरही पडलेला असू शकतो. मादी असेल आणि पिल्लं आसपास असतील तर ती जवळ असण्याची शक्यता आणखी जास्त.

आता 'परत येईल का' यात परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते बघू. भक्ष्य किती उरलंय हे पहिलं. मांडीच खाल्ली असेल, तुमच्यासारखं, तर ओढ जबरदस्त असते. पहिल्या रात्री काही खायच्या आतच आरडाओरडा होऊन तो हुसकला गेला असेल तर दोन्ही होऊ शकतं: कधी तासाभरात परत येतो, कधी त्या जागेचा नादच सोडतो. माणसांनी भक्ष्याभोवती गर्दी केली, पाचट उचकटलं, हात लावला, फोटोंसाठी पाय धरून बाहेर ओढलं, तर तो बाहेरूनच अंदाज घेऊन फिरतो, उशिरा येतो किंवा येतच नाही. आणि न खाता गेलेला बिबट्या त्याच रात्री दुसरा गोठा बघतो. पावसाळ्यात ओला पाला जड आणि चिकट होतो, धड ओढता येत नाही, तेव्हा झाकणं कमी आणि आडोशावर भिस्त जास्त. वाड्यात शिरून एका रात्रीत पाच-सात शेळ्या-मेंढ्या मारल्या असतील तर तो वेगळाच प्रकार आहे. बंद जागेत सैरावैरा धावणारी जनावरं त्याच्यातला मारण्याचा आवेग पुन्हा पुन्हा चेतवतात. तिथे साठवण्याचा विचार नसतो, झाकलेलं काही सापडत नाही, आणि त्यातली एखादीच तो ओढून नेतो.

हे काम बिबट्याचंच का, कुत्र्यांचं नाही ना, ही शंका पंचनाम्यात नेहमी निघते, म्हणून खुणा नीट बघाव्या लागतात. कुत्री कळपाने मारतात. मागच्या पायांवर, शेपटीवर, पोटावर चावे, मांस लचके तोडलेलं, आणि ती झाकत नाहीत. कोल्हा मांसाचा तुकडा खड्ड्यात पुरतो, पण नाकाने माती लोटून. अख्ख्या धडावर पाला ओढणं त्याचं काम नाही. तरस झाकत बसत नाही, पाय किंवा मुंडकं तोडून आपल्या गुहेकडे घेऊन जातो, आणि हाडं फोडलेली दिसतात. बिबट्याच्या खुणा गळ्यावर किंवा मानेवर असतात: सुळ्यांची भोकं जोडीने, वरच्या दोन सुळ्यांत साधारण ४ सेंटीमीटर अंतर, वाघ असेल तर ते ५ च्या पुढे जातं. कातडी सोलून बघितली तर आत रक्त साकळलेलं असतं, म्हणजे चावा जिवंतपणीचा. मेल्यावर कुत्र्यांनी घेतलेल्या चाव्याखाली तसं साकळत नाही. शिवाय बिबट्या खाण्याआधी दातांनी केस उपटतो, त्याचे झुपके पडलेले असतात. मागून खाल्लंय म्हणजे वाघ आणि पोटाकडून खाल्लंय म्हणजे बिबट्या, हा जुना आडाखा मात्र जपून वापरा. बिबट्या मांडीपासून सुरुवात करतो हे पुष्कळदा दिसतं, तुमच्याच वासरात दिसलंय.

तर तुम्ही आत्ता काय करायचं? पुन्हा आत जाऊ नका. मोबाइलवर फोटो काढायचे असतील तर बांधावरून, उजेडात, आणि निदान तिघा-चौघांनी मिळून बोलत बोलत जाऊन काढा. फरफट, पंजाचे ठसे, गोठ्याजवळचं रक्त यांचेही फोटो घ्या, शेजारी काडेपेटी किंवा पट्टी ठेवून, म्हणजे माप कळतं. ठशांवर घमेलं पालथं घाला, नाहीतर दुपारपर्यंत गुरं तुडवून टाकतात. वनरक्षकाला कळवा किंवा १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. भरपाईसाठी घटना ४८ तासांच्या आत कळवावी लागते आणि पाहणी होईपर्यंत भक्ष्य जागचं हलवायचं नसतं. वडिलांना हे आवर्जून सांगा. ओढ्यात टाकलंत तर भरपाईचा पुरावा वाहून जातो, पाणी खराब होतं, आणि बिबट्याचं पोट तसंच रिकामं राहतं.

पंचनाम्यानंतर काय, हे जागेवर ठरतं. भक्ष्य वस्तीपासून आडबाजूला असेल तर ते तिथेच राहू देणं मला योग्य वाटतं. त्याला खाऊ द्या, दोन-तीन रात्रींत विषय संपतो. पण ते घराला खेटून असेल, शाळेच्या पायवाटेवर असेल, किंवा दोन दिवसांत तो ऊस तुटणार असेल, तर वनखात्याच्या माणसांकडूनच ते हलवून घ्या. ऊसतोडीला आलेल्या टोळीला सांगायला विसरू नका. त्यांच्या खोपी उसालाच लागून असतात आणि गावातली बातमी त्यांच्यापर्यंत सगळ्यांत शेवटी पोचते. या रात्रींत पाणी द्यायला एकट्याने जाणं टाळा, जावंच लागलं तर विजेरी आणि मोबाइलवर गाणी लावून जा. उरलेली जनावरं वर छत आणि चारी बाजूंनी जाळी असलेल्या बंदिस्त जागेत बांधा. चार फुटांची भिंत त्याला अडवत नाही.

भक्ष्यावर कीटकनाशक ओतायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. तो ऐकू नका. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे असं विष घालणं गंभीर गुन्हा ठरतो. आणि विष बिबट्यापाशी थांबत नाही. तेच मांस तरस खातो, घार खाते, घोरपड खाते, तुमचं स्वतःचं कुत्रं खातं, आणि त्या भागात चुकून गिधाडाची एखादी जोडी उरली असेल तर तीही जाते.

शेवटी, तो येऊन गेला का हे आत न शिरताही कळतं. सकाळी बांधावरून ठसे ताजे आहेत का बघा. कावळ्यांचा रोख कुठे आहे ते बघा: पहिल्या दिवशी ते कोठ्यावर असतील, नंतर भक्ष्याकडे सरकतील. वनरक्षकाने ट्रॅप कॅमेरा लावला असेल तर प्रश्नच नाही. पाहणीला जाणाऱ्यांना पाचट पुन्हा ओढलेलं आणि धड एक-दोन हात सरकलेलं दिसलं तर तो अजून त्यावर आहे. डोकं, खूर, कातडी एवढंच उरलंय आणि त्यावर नव्याने काही ओढलेलं नाही, असं झालं की तो त्या वासरावरून उठला. तेव्हा उरलेलं वनरक्षकाला विचारून खोल खड्ड्यात पुरून टाका, वर माती नीट दाबा. उघड्यावर राहिलं तर गावची कुत्री आठवडाभर त्या उसात येत राहतील, आणि त्या कुत्र्यांसाठी बिबट्या.